जोडीची फळी

भाट्ये, रत्नागिरी
गुरुवार, ता. १५ नोव्हेंबर १९५६

ती. रामादादा यांस,

धाकट्या लवूचा नमस्कार. आई बरी आहे. बाबांच्या डोळ्यांतला मोतिबिंदू वाढला आहे, दोन हातांपलीकडचे त्यांना धुरकट दिसते. भात घरात आले. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहीत आहे, आधीचे दोन कागद फाडले.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. घडियाली साहेबांनी मी पाठवलेली खुर्ची उलटी करून पाहिली, खालून हात फिरवला आणि "हा मुलगा आहे कुठे?" म्हणून विचारले, हे तू खरेच लिहिले आहेस ना? मला बरे वाटावे म्हणून नाही ना?

आषाढात तू त्यांनी घडवलेल्या घरसामानाच्या प्रदर्शनाची पुस्तिका पाठवलीस तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. ती मी उशाखाली ठेवतो. तिच्यातल्या किटलीला वरून कडी नाही, कुशीतून मूठ काढली आहे, म्हणजे वाफ हाताला लागत नाही. दिवा उपड्या वाडग्यासारखा, लालभडक. आपण लाल रंग मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेला देतो, त्यांनी तो घरात आणला. कपाटाची दारे पिवळी. असे करायला भीती कशी वाटली नाही त्यांना? मी पेटीला साधी कडी लावतानासुद्धा चारदा मोजतो.

आणि ती खुर्ची. पाठ, बैठक आणि पुढचा पाय, सगळी एकच फळी. सांधा नाही, खिळा नाही. मागे नुसता एक टेकू. चित्रावर पातळ कागद ठेवून मी ती सात वेळा गिरवली. सातव्यांदा कळले की, दादा, हे तर आपलेच काम. नारळाच्या सोडणांचा जाळ खाली, ओले फडके वर, आणि फळी हळूहळू वाकते. बाबा आयुष्यभर तेच करत आले, फक्त त्यांच्या फळ्या समुद्रात गेल्या.

मी पडवीत खुर्ची केली. तीन फळ्या मोडल्या, चौथी वाकली. हौसाकाकी बघून म्हणाली, "लव्या, हिच्यावर बसायचं का हिला हळदकुंकू वाहायचं?" सुलेमानचाचा त्यांच्या नव्या मचव्याचे काम बघायला रोज यायचे. ते तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "बाकीचे पाय काय दर्यात पडले काय रे?" मग बसले, आणि उठेचनात. फक्त बाबा बसले नाहीत. म्हणाले, "खुर्ची बुडत नाय. म्हणून ती कराय काय लागत नाय." ते मला नव्हते, तुला होते. तू मचव्यांचे काम सोडून मुंबईला गेलास त्याला चार वर्षे झाली तरी तुझे नाव न घेता ते तुझ्याशीच भांडतात.

चौथी फळी कुठली, हे तू विचारले नाहीस.

मोडल्या त्या तीन आपल्या घरच्या, आंब्याच्या. आंबा असा वाकत नाही, तुला माहीतच आहे. चौथी सागाची होती. सुलेमानचाचांच्या मचव्यासाठी दोन वर्षे सावलीत सुकवलेली. जोडफळीतली एक. एका ओंडक्यातून दोन कापायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, त्याच जागी, म्हणजे मचव्याच्या दोन्ही कुशी सारख्या ओढतात. हे तूच मला शिकवलेस. मी उजवीकडची घेतली. म्हटले, खुर्ची साहेबांपर्यंत पोचू दे, बदली फळी बघता येईल.

बदली मिळाली ती दुसऱ्या ओंडक्याची. तिच्यात गाठ होती, अंगठ्याएवढी. मी ती कोरली, राळ आणि कापूस भरला, वरून तेल दिले. बाबांनी फळीवर हात फिरवला. गाठीवरून त्यांची बोटे गेली आणि पुढे गेली. मग त्यांनी विचारले, "जोडीचीच हाय ना रं?"

मी "होय" म्हणालो.

त्यांनी दुसऱ्यांदा हात फिरवला नाही. माझ्या "होय" वर त्यांनी ती बसवली.

परवा मंगळवारी मचवा सुटला. नारळ फोडला, सुलेमानचाचांनी बाबांच्या खांद्यावर शाल घातली. चाचांबरोबर त्यांचा अस्लम आहे आणि चार खलाशी. जाताना फक्त सुंभाची बंडले आहेत, मचवा हलका आहे, गाठ पाण्याच्या वर राहते. पण मुंबईत ते सिमेंट भरणार आहेत. भरल्यावर ती पाण्याखाली दीड हात जाईल. मी काठीने मोजून पाहिले आहे. राळ किती टिकेल ते मला मोजता येत नाही.

तार करायला दोनदा टपाल कचेरीत गेलो. मास्तर म्हणाले, "मजकूर सांग." मला मजकूर जमला नाही. नुसते "भरू नका" म्हटले तर कोण थांबेल? आणि खरे लिहावे तर ते मास्तरांना कळण्याआधी बाबांना कळायला हवे.

वारा समोरचा आहे, मचवा रविवारच्या आत भाऊच्या धक्क्याला लागत नाही. हे पत्र आजच्या आगबोटीने निघेल, शनिवारी तुझ्या हातात पडेल. तू शनिवारपासूनच धक्क्यावर थांब. नाळेकडून उजवी बाजू, वरून पाचवी फळी. चाचांना सगळे सांग, माझे नाव घेऊन सांग. मारायला उठले तर मार खा, पण एक गोणही चढू देऊ नको.

फळी तू काढू नको. बसवणाऱ्यानेच काढायची, ही आपली रीत. दुसऱ्याने हात लावला तर बाबा पुन्हा कुणाच्या मचव्याला हात लावणार नाहीत. म्हणून मी आता पेटीत पत्र टाकून घरी जातो आणि बाबांना सांगतो. ते काय करतील ते मला माहीत नाही. एवढे माहीत आहे की ते शनिवारच्या आगबोटीने मुंबईला निघतील, आणि मी फळी घेऊन त्यांच्याबरोबर येईन. या खेपेला चांगली फळी आहे, मी सकाळी दोन्ही अंगांनी तपासली.

साहेबांना सांग, खुर्चीचे लाकूड माझे नव्हते. तरीही त्यांनी बोलावले तर बघू. आज मला त्याचा विचार करता येत नाही, हे लिहिताना खोटे लिहितो आहे. येतो तो विचार. मधूनमधून येतो.

दादा, चार वर्षांनी बाबा तुझ्यासमोर उभे राहतील. आगबोटीची शिडी त्यांना आता दिसत नाही. तू खाली उभा राहा आणि त्यांचा हात धर. ते बोलले नाहीत तरी धर. माझा हात ते धरतील की नाही, सांगता येत नाही.

बाबांसमोर जायला उठलेला,
तुझा भाऊ
लवू