सतराव्या प्रकरणातलं पाचवं ताट

८ डिसेंबर, सोमवार. जिंतूर.

सृष्टीने तिच्या कादंबरीचं सतरावं प्रकरण मला द्यायच्या आधी तिच्या सासूला वाचून दाखवलं. म्हणून आज लिहायला बसले. मुख्याध्यापकपद सुटलं तशी रोजनिशीही सुटली होती. पण हे बोलू कुणाजवळ? लोक म्हणतील, म्हातारी जळते.

जळतेच आहे!

आधीची सगळी प्रकरणं पहिल्यांदा माझ्या हातात आली. माझी लाल शाई पडल्याशिवाय एक पान पुढे गेलं नाही. माझी धाकटी बहीण राजू गेली तेव्हा ही पोर अडीच वर्षांची होती. बापाने दुसरं लग्न केलं, पोर माझ्याकडे आली. लिहायला मी शिकवलं. आणि आता फोनवर आनंदाने सांगते, "मावशी, सासूबाई ऐकून रडल्या गं!"

रडल्या म्हणे. मी कधी कागदावर डोळे गाळले नाहीत, हा माझा गुन्हा.

९ डिसेंबर

छापलेली पानं पाथरीहून आली. बसच्या कंडक्टरने आणून दिली. जेवण व्हायच्या आधीच वाचायला घेतली.

पाच सोबती, एका मेलेल्या राजाची घंटा डोंगरापलीकडच्या देवळात पोचवायला निघालेले. नवव्या प्रकरणात दोरांचा पूल तुटला, निळाई दरीत गेली. उरलेल्या चौघांच्या वाटा फुटल्या. आता शत्रूचं सैन्य खिंडीच्या तोंडाशी आलंय. आणि सतराव्यात हे चौघे काय करतात? रानात कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, भेटतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि जेवायला बसतात! एक धनुष्याला तेल लावतो, दुसरा पायाचे फोड दाखवतो. पानंच्या पानं नुसती भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील.

हे जेवण मी ओळखलं. सृष्टीच्या सासूबाई सिद्धम्मा माहेरच्या लातूरकडच्या. वेळा अमावस्येला शेतात कोप घालायची रीत त्यांनीच सासरी आणली. माझ्या घरी पोरीने वीस वर्षं पिठलं-भात खाल्ला. त्याला कादंबरीत जागा नाही!

आंबिलीची दुसरी वाटी आली तिथे मी थांबले. वर लिहिलं: "काढून टाक. काही घडत नाही." संध्याकाळच्या बसने पानं परत धाडली.

११ डिसेंबर

सृष्टीचा फोन.

"मावशी, शेवटपर्यंत वाचलंस?"

"शेवट वाचायला आधी काही सुरू व्हावं लागतं."

हळूच म्हणाली, "सासूबाई म्हणतात, राहू दे."

महिनाअखेर सगळं बाड प्रकाशकाकडे जायचं आहे. मी सांगून टाकलं — एकतर सतरावं राहील, नाहीतर माझा सल्ला.

हे बोलायला नको होतं. पण मागे घेणार नाही.

१२ डिसेंबर

फोन नाही.

१३ डिसेंबर

नाही.

१४ डिसेंबर, रविवार

पोरीने ती पानं पुन्हा पाठवली. चिठ्ठी नाही, काही नाही. शेवटच्या चार पानांना टाचणी लावलेली. आठवीच्या मुलींना मी ओरडायचे, उतारा पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका म्हणून. असो. वाचलं.

कोपीत चौघे जेवतात, पण ताटं पाच मांडलेली. पाचवं झाकून ठेवलेलं. कुणी त्याकडे बघत नाही, कुणी त्याबद्दल बोलत नाही. हात धुवायची वेळ येते. तेवढ्यात कडबा सरकवून निळाई आत येते. दरीतून वाचून, चिखलाने भरलेली. म्हणते, "मला ठेवलंय का?" आणि हसते. हसताना तिला आवाज फुटत नाही, नुसते खांदे हलतात.

चांगलं लिहिलंय. मान्य.

पण खांदे! सिद्धम्मा अश्शाच हसतात. लग्नात पाहिलंय मी, हारवाल्याने नवरदेवाचा हार चुकून भटजीच्या गळ्यात घातला तेव्हा. म्हणजे मेलेली परत येते, सगळे जिची वाट बघतात, ती सासू. लग्नाला दीड वर्ष झालं नाही, तर ती सासू! मी कोण? मी त्या गोष्टीत शोधूनही सापडले नाही. बहुतेक खिंडीतलं सैन्य मीच.

१७ डिसेंबर

सिद्धम्मांचा स्वतःचा फोन. "ईनबाई, शुक्रवारी येळवस हाय. न्हाई म्हनायचं न्हाई. शिवरुद्र गाडी घेऊन यायलाय."

मी म्हटलं, जावयाची गाडी नको, वेळा अमावस्येला बसने येईन.

१९ डिसेंबर, शुक्रवार. पाथरी.

जावयाचं शेत गावापासून लांब नाही. तूर डोक्याएवढी, ज्वारी पोटऱ्यात आलेली. मधोमध कोप, आत चुना लावलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडलेले. नैवेद्य झाला. पंगत बसायच्या आधी सिद्धम्मांनी एक ताट वाढलं, वर दुसरं पालथं घातलं आणि कोपीत आतल्या बाजूला सरकवलं.

"हे कुणाचं?"

"जो यायचा ऱ्हायलाय त्येचं. आमच्यात तसंच असतंय. उनं मावळंस्तोर कुनी उचलत न्हाई."

म्हणजे हेही इथूनच उचललेलं!

जेवण झाल्यावर सिद्धम्मा जवळ सरकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "येक इचारू का? राग नका धरू. त्या पोरीच्या गोष्टीत मी कुटंच न्हाई ओ. सैपाक समदा माजा, आन् जेवायला आली तुमची निळाई!"

"माझी? ती तुम्ही आहात, सिद्धम्मा."

"मी? मी आयकून रडले ती कामून? म्हनलं, सून करून आनली, पन हिच्या मनात समदी मावशीच. दरीतनं वर आली तरी मावशीच!"

"हसताना माझे खांदे कधी हलले?"

"तुमी हसलाव तर कळंल की!"

आणि स्वतःच हसायला लागल्या. खांदे गदागदा. मला राग यायला हवा होता, आला नाही. दोघींनी एकदमच मागे पाहिलं. सृष्टी ताक घेऊन उभी. सगळं ऐकलेलं.

"दोघीही नाही," ती म्हणाली. "आई आहे ती."

मग माझ्याकडे वळली.

"मी तिच्या मांडीवर बसलेय आणि पाठीमागे तिचे खांदे हलताहेत, एवढंच आठवतं. ती हसत होती की रडत होती, तेही माहीत नाही. मी हसणं लिहिलं. बाकी तू कधी सांगितलंच नाहीस, मावशी."

तांब्या खाली ठेवून ती तुरीकडे निघून गेली.

२० डिसेंबर. जिंतूर.

खांदे राजूचे होते. सख्ख्या बहिणीचं हसणं कागदावर होतं आणि मला विहीण दिसली!

पोरीने आईबद्दल विचारलं की मी म्हणायचे, "चांगली होती. चल, शुद्धलेखन काढ." भिंतीवर स्टुडिओतला फोटो लावला, पदर नीट, नजर समोर. त्या फोटोतली बाई कुणालाही आवडली नसती. बरंच होतं ते. घरात आईची जागा एकच होती आणि तिथे मी बसले होते.

सिद्धम्मांचा हेवा दीड वर्षाचा. हा दुसरा किती जुना, ते मी मोजणार नाही.

ती रडत नव्हती, सृष्टी. हसतच होती. भोंडल्याच्या खिरापतीत मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं. मी समोर होते.

२२ डिसेंबर. पाथरी.

सृष्टीच्या हाती दिलं:

सतरावं प्रकरण, "काढून टाक" खोडून. दुरुस्ती एकच. निळाई भाकरी उजव्या हाताने मोडते, तिथे "डाव्या" केलं.

राजूचा निळा स्वेटर, कोपराला उसवलेला.

आणि ट्रंकेतला तिचा फोटो. झरी गावच्या शेतात हुरडा खाताना, डाव्या हातात कणीस, तोंडात घास. बिघडलेला म्हणून कुणाला दाखवला नव्हता. चेहरा स्पष्ट आहे. खांदे तेवढे हललेत.