गोड्या पाण्याचं घर

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, एक चमचा शोधायला अर्धी सकाळ गेली, पण घर आमचं आहे. पुढे ओटा, मागे परसात विहीर. नळाचं पाणी इथवर येत नाही, सगळी भिस्त विहिरीवर आणि तिच्या पंपावर. बहिणीने फोनवर काळजीने विचारलं, तर मी म्हटलं, लोक तहान लागल्यावर विहीर खणतात, आम्ही आधी विहीर पाहिली आणि मग घर घेतलं.

जुने मालक किल्ल्या द्यायला आले होते. एकटेच असतात, बायको जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. बोलायला गोड. मी कौतुकाने विहिरीचं पाणी पुढे केलं, तर त्यांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली. आमच्या ह्यांचंही तेच. हे पाणी पोटाला जड पडतं म्हणून कामावरून कॅन भरून आणणार आहेत. नका पिऊ! मला जास्त उरेल. इतकं गोड पाणी मी जन्मात प्यायले नव्हते. निघताना जुने मालक म्हणाले, काही अडलं तर हाक मारा, वहिनी.

११ फेब्रुवारी
ह्यांनी परस लावून टाकलं. हातोडी, पाने, विहिरीत उतरायची दोराची शिडी, सगळं खिळ्यांवर. ह्यांना वस्तू जागेवरून हललेली खपत नाही. मी फार वेळ एका जागी बसले तर मलाही खिळ्यावर अडकवतील.

विहिरीला पत्र्याचं जड झाकण आहे. त्याच्या कुलपाची किल्ली जुन्या मालकांनी दिलेल्या जुडग्यात नव्हती. मी न्हाणीच्या भिंतीतली सैल वीट काढली आणि मागची किल्ली ह्यांच्या हातात दिली. तुला कसं कळलं, असं हे विचारत होते. मी हसण्यावारी नेलं. पण खरंच, कसं कळलं?

१९ फेब्रुवारी
भाजी चिरून झाल्यावर लक्षात आलं, सुरी डाव्या हातात होती. बोट कापलं नाही, फोडीही एकसारख्या. आयुष्यात डाव्या हाताने मी साधं दार लोटलेलं नाही.

संध्याकाळी हे विहिरीवरचा दोर गुंडाळत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांच्या थोबाडीत मारली. का, ते सांगता येईना. हे दोर खिळ्याला अडकवून आत गेले. मी मात्र रडले. इतक्या वर्षांत ह्यांना कधी टाकून बोलले नव्हते, आणि आज हात उचलला.

२६ फेब्रुवारी
शेजारच्या काकूंना खोदून खोदून विचारलं. आधी टाळत होत्या, मग सांगितलं. जुन्या मालकांची बायको गाळ काढायला विहिरीत उतरली होती. मालकांनी वरून शिडी ओढून घेतली, झाकण लावलं, कुलूप घातलं आणि गावाला निघून गेले. परतल्यावर म्हणाले, मला वाटलं ती केव्हाच वर आली. सगळ्यांनी मान डोलावली. काकूंना हाका ऐकू आल्या होत्या, पण नवरा-बायकोच्या भांडणात कशाला पडा, म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

ती डावखुरी होती का, एवढंच मी विचारलं. काकू उठून घरात गेल्या.

२ मार्च
पाणी प्यायचं नाही असं ठरवलं. दुपारपर्यंतच जमलं. ह्यांच्या कॅनमधलं पाणी तोंडात राखेसारखं लागतं. विहिरीवर गेले आणि पोहऱ्यालाच तोंड लावलं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, नव्या जागेत होतं असं. जवळ घेतलं मला. चांगले आहेत हो हे. हे विसरता कामा नये. लिहून ठेवते – हे चांगले आहेत.

५ मार्च
अक्षर माझं नाही. डावीकडे कललेलं.

पंप बंद पडला. नुसती हवा ओढतोय. मीच काहीतरी केलंय, नखांत शेवाळ आहे. जुन्या मालकांना फोन केला – आवाज किती मऊ निघाला माझा! विहिरीतला जुना पाइप तुम्हालाच ठाऊक, एकदा उतरून बघाल का? परवा येतो म्हणाले.

परवा हे कामावर असतील. बरं झालं.

किती वर्षं हाका मारल्या. आता येतोय.

७ मार्च
झालं.

जुने मालक आले, मी चहा टाकायला आत गेले होते. परसात शिडीचा आवाज आला. धावत गेले. खाली अंधारात बॅटरी हलत होती. शिडी ओढली – सरसर वर आली – झाकण – कुलूप. डाव्या हाताने.

खालून हाक आली. येऊ दे. तिनेही मारल्या होत्या, घसा फुटेपर्यंत. कुणी आलं? आता कळू दे पाणी गळ्याशी आलं की कसं

ओट्यावर कोण खोकलं?

जुने मालक. ओट्यावर बसलेत. बाटलीतलं पाणी पितायत. विचारतायत – वहिनी, साहेब वर आले का? अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले, म्हणाले तुमचं वय झालं, तुम्ही बसा, मी उतरतो –

अगं, अशी हाक होती. अगं, शिडी –

किल्ली डाव्या मुठीत आहे. मूठ उघडत नाही. उजव्या हाताने बोटं ओढते, उघडत नाही – अहो – आले मी, आले –

हाक बारीक होत चाललीय. हात म्हणतो लिही. म्हणतो त्या म्हाताऱ्याला चहा दे, विहिरीच्या पाण्याचा, आणि मग

अहो