साळूबाई कोण?

३ फेब्रुवारी

बँकेने कर्ज अडवलं! आणि कशावरून — साळूबाईवरून.

म्हसरूळचं रो-हाउस ज्या जमिनीवर उभं आहे ती मूळची सहादूबाबांची. ते गेल्यावर उताऱ्यावर दोन वारस लागले — मुलगा आणि मुलगी साळूबाई. मुलाच्या पश्चात सगळं नातू योगेशकडे आलं. तोच मला घर विकतोय. आत्याने हक्कसोडपत्र करून दिलंय, असं तो पहिल्या दिवसापासून सांगतोय. दिलंयच. पण ते दिलंय चतुराबाईंनी. साळूबाईचा अंगठा कुठेच नाही.

"आम्हाला एकच आत्या, काकू. चतुराआत्या. ही साळूबाई कोण, देवाशप्पथ माहीत नाय!"

हर्षाली — शेजारच्या लताबाईंची मुलगी, फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून माझ्याकडे बिस्किटं खायला यायची, आता माझी वकील — चष्म्यावरून बघत म्हणाली, "भलत्याच बाईला उभं करून अंगठा घेतला असेल तर? उद्या खरी साळूबाई दारात येईल, काकू. अर्धं घर माझं म्हणेल."

४ फेब्रुवारी

घरमालकांचा पुन्हा निरोप. मार्चअखेर जागा रिकामी हवी.

६ फेब्रुवारी

रोहितचा पुण्याहून फोन. "आई, सोड ते घर. इकडे ये राहायला." सून गोड आहे, घरही मोठं. पण एकसष्ट वर्षांत माझं असं दार नव्हतं. आधी बाबांचं, मग सासऱ्यांचं, मग ह्यांच्या सातपूरच्या नोकरीमुळे भाड्याचं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, विजेच्या बिलावर अजून मालकांचंच नाव. म्हसरूळच्या घरापुढे हातभर अंगण आहे. तिथे मोगरा लावायचा, हे मी ठरवूनसुद्धा टाकलंय. वेडी!

योगेश अठ्ठावीस तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे, त्याला बँकच नको.

९ फेब्रुवारी

सामान आवरताना शाळेचा फोटो सापडला. दोन वेण्या, पांढरे बूट, मागे हजेरीच्या क्रमाने नावं. मी — मंदाकिनी. आमच्या सिस्टर हजेरी घेताना चारही अक्षरं सुटी करून म्हणायच्या, जणू काचेची बरणी उचलतायत. आणि परीक्षेत दरवेळी बजावायच्या — वाचल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही.

मग लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'शुभांगी' लिहिलं. बायका हसल्या, मी लाजले, आणि मंदाकिनी त्या ताटातच राहिली. पुढे ताई, वहिनी, आई, काकू. आई गेल्यापासून त्या नावाने हाक नाही.

अगं बाई! चतुराबाईंचं माहेरचं नाव काय?

१० फेब्रुवारी

योगेशला विचारलं. "आमच्या जन्माआधीची गोष्ट ती, काकू. वडील तर अक्काच म्हणायचे." पाच वर्षं गेलाच नाहीये तिच्याकडे! गाव तेवढं सांगितलं. हक्कसोडपत्राची नक्कल पर्समध्ये ठेवली आहे.

११ फेब्रुवारी

निमाणीवरून वणीची बस पकडली, दिंडोरीच्या पुढच्या फाट्यावर उतरले. चतुराबाई कुठे राहतात, विचारत गेले. द्राक्षं तोडायची घाई चालू. मळ्याच्या कडेला एक म्हातारी क्रेटमध्ये रद्दी अंथरत बसली होती. लांबूनच हाक मारली — "साळूबाई!"

हात थांबले. मान मात्र बऱ्याच वेळाने वर झाली.

"कोन गं तू? माझ्या माहेरची हायेस का?"

शेजारी जाऊन बसले. माझ्या इंग्रजी शाळेच्या फोटोपासून सगळं सांगितलं, कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "वाच. तवा कुनी वाचला नाय. भाऊ म्हनला, अक्का, आंगठा दे. दिला."

सगळा वाचला. गट नंबर, चारी दिशांचे शेजारी, बांधावरची झाडं, विहीर.

"हीर बी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नुसतं श्यात."

रद्दीची घडी उगाच सरळ करत राहिल्या. मग — "भाऊ ग्येला. आता कुनाशी भांडू? आन तू? तू बी सोडला का हक्क?"

सोडला, म्हटलं. धाकटा भाऊ शेखर पेढे घेऊन आला होता कचेरीत. सही केली.

"वाचून?"

मी रद्दीचा एक कागद उचलून क्रेटमध्ये अंथरायला घेतला.

"येवढी विंग्रजी शाळा शिकून!" — आणि हसल्या, तोंडात दात दोनच. मग मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

निघताना म्हणाल्या, "आंगठा देते. पन कागदावर साळूबाई आदी, चतुरा मागनं. आन योग्याला म्हनावं, मुराळी होऊन ये. न्यायला मानूस आल्याबिगर मी माहेराकडं पाय टाकायची नाय."

फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. बस आल्यावर विचारलं, "तुजं माहेरचं नाव काय गं?" सांगितलं. "मंदा," म्हणाल्या. "जा मंदा, सांभाळून."

१२ फेब्रुवारी

"आई, तू एकटी बसने गेलीस?" — रोहित. हो, गेले!

१३ फेब्रुवारी

हर्षाली उडी मारायचीच बाकी होती. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र. गावच्या पोलीस पाटलांचा दाखला. आणि हक्कसोडपत्राला चूकदुरुस्तीपत्र, तेही नोंदवायचं. योगेशला मुराळीचा निरोप दिला. एवढा मोठा गडी, कानापर्यंत लाल झाला.

२० फेब्रुवारी

नोंदणी कार्यालय. योगेश आत्याला घेऊन आला, अंगावर नवं कोरं लुगडं. "पाच वर्सांनी तोंड दावलं मेल्यानं, ते बी आंगठ्यासाठी!" — पण हात त्याच्या पाठीवरच.

क्लार्कने कागद सरकवला. "इथे अंगठा, आजी."

"आदी वाच."

मागची रांग चुळबुळली. मी वाचलं. साळूबाई ऊर्फ चतुराबाई. नाव आलं तशी त्यांनी मान हलवली, हजेरीला 'हजर' म्हणावं तशी.

परतताना म्हसरूळला थांबलो. रिकाम्या घरातून फिरल्या आणि माझ्या होणाऱ्या स्वयंपाकघरात थबकल्या. "हीर हितंच व्हती बघ. लय ग्वाड पानी." योगेश खाली मान घालून उभा. "रडतो काय रं? दिवाळीला न्यायला ये."

२७ फेब्रुवारी

मंगळवारी मंजुरी आली, आज खरेदीखत झालं. बावीस पानं, प्रत्येक पान वाचलं. हर्षालीने दोनदा घड्याळ बघितलं. बघू दे!

किल्ली मुठीत. सोडवत नाही.

९ मार्च

मोगरा लावला.

१२ मार्च

शेखरचा फोन. बाबांचा बंगला पाडून बिल्डर इमारत उठवणार, सगळं ठरलंय, एका जागी अडलंय. "वारसांमध्ये तुझं शाळेतलं नाव आहे, ताई, आणि हक्कसोडवर शुभांगी. वकील विचारतोय, मंदाकिनी कोण? एक सही फक्त. पेढे घेऊन येतो."

"पेढे नंतर," म्हटलं. "आधी दोन्ही कागद आण, जुना आणि नवा. मंदाकिनी वाचेल."