दाजींच्या स्वेटरचं झबलं

मुकुंदवाडी, औरंगाबाद
जानेवारी १९६८

दाजींना सुभद्राचा नमस्कार.

हे पत्र पेटीत टाकायचं धाडस होणार नाही, तरी लिहिते. मागच्या खेपेला तुम्ही इथं विसरलेला तांबडा स्वेटर मी न विचारता उसवला.

तुमची लेक थंडीनं काकडत होती. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, असा दगडाआत्याचा हट्ट. जुन्या धोतराच्या तुकड्यांत कुठली ऊब? म्हणून मी तुमची लोकर रिठ्यानं दोनदा धुतली, वजन बांधून सरळ केली आणि शाळेत शिकले तसं झबलं विणलं.

आत्या कडाडली, "हे तर कोरं हाय! शाळा शिकून रीत मोडतीस व्हय?"

"लोकर जुनीच आहे आत्या, दाजींच्या स्वेटरची."

"कशावरून?"

दाखवायला स्वेटर उरलाच नव्हता. मला रडू येणार, तेवढ्यात आत्यानं झबलं नाकाशी नेलं.

"बिडीचा वास येतोय की! जावायाचंच हाय. घाल लेकराला."

दारातून आबांनी विचारलं, "जावई बिडी ओढतात?"

दाजी, तुम्ही आबांपासून एवढं लपवलेलं माझ्यामुळं उघडं पडलं. माफी मागायलाच बसले होते, पण मनापासून मागता येईना. अक्काच्या कुशीत लेक गाढ झोपलीय. तिचे पाय गरम आहेत, मी हात लावून पाहिले. आणि आत्या शेजारणीला सांगतेय, "आमच्या सुभीनं इणलंय. लई शिकलीय ती."

तुमच्या लेकीची मावशी,
सुभद्रा