झरोक्यासमोरचा हिरवा पट्टा

प्रिय दुर्पताबाई,

शाळेत पत्र लिहायला शिकवलं तेव्हा थोरल्या बहिणीला ताई लिहायचं सांगितलं होतं. पण तुला ताई म्हटलं तर तूच मागे वळून पाहशील, कोणाला हाक मारून राहिला म्हणून. तर बाईच. कागद पाहून हसू नको. लाइटच्या खोक्यातला आहे, एका बाजूला चिनी अक्षरं, दुसरी बाजू कोरी. फोन का केला नाही ते पुढे येईल. मला कोणतीच गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. दुकानातून मीठ आणायला पाठवलं तर मी तळ्यावर बदकं मोजत बसायचो.

पहिलं म्हणजे मी रायपुरात नाही. तू सगळ्यांना सांगत असशील, आमचा हेमराज लग्नाच्या लाइटिंगचं काम करते, मोठमोठ्या पार्ट्या करते. जेठ महिन्यापर्यंत ते खरं होतं. मग ठेकेदाराशी वाजलं आणि मी राजनांदगावजवळ एका कोंबड्यांच्या शेडमध्ये लागलो. तिथं कोंबड्यांनी अंडी जास्त द्यावी म्हणून सूर्य बुडाल्यावरही बल्ब लावून ठेवतात. त्यांना वाटते दिवस मोठा आहे. मला फार वाईट वाटायचं बाई, एवढ्याशा बल्बानं एवढ्या जीवांना फसवायचं. एक लंगडी कोंबडी होती, ती माझ्या पायाशीच बसायची. पण ते जाऊ दे. पोळ्याच्या आठवड्यात जागेश्वरभाऊचा फोन आला. मंडप डेकोरेशनवाले, तू त्यांना ओळखत नाहीस, मी दोन सीझन त्यांच्याकडे काम केलं होतं. म्हणाले, लाइटचं काम आहे, तुझ्यासारखा डोकेवाला पाहिजे, राहणं-खाणं आपल्याकडे. मला आजवर कोणी डोकेवाला म्हटलं नव्हतं. मी त्याच दिवशी गाडी पकडली.

काम म्हणजे बंद खोलीत रोपं वाढवायची. औषधी आहेत, कंपनीला जातात, परवाना आहे, असं भाऊ म्हणाले. रोपं वीतभर होती आणि ती फुलावर यायच्या आधी पानांनी, फांद्यांनी भरली पाहिजेत, तर त्यांना कोणता लाइट लावायचा, हे मी ठरवायचं. आम्ही नागपूरला गेलो. दुकानदार जांभळ्या लाइटवरच अडून बसला. त्याचं दुकान पाहून मला तर वरातीची आठवण झाली. मी म्हटलं, भाऊ, या उजेडात पान पिवळं पडलं की किडलं, काही दिसणार नाही, आपल्याला पांढरा घ्या, दुपारच्या आभाळासारखा, थोडा निळसर. मग मी हाताची उलटी बाजू एकेका लाइटखाली धरून पाहिली, मंडपात झालर जळेल की नाही ते पाहतो तशी. जो चटका देत होता तो दुकानदाराला परत दिला. भाऊ खूश. किती वेळ चालू ठेवायचा विचारलं तर मी म्हटलं, दिवसरात्रीतले सहा तास सोडून सगळा वेळ. हे कुठून शिकलास, म्हणाले. मला आपल्या गावचा, कामठ्याचा खांब आठवला.

तुलाही आठवत असेल. आपल्या धानाच्या बांधीच्या कोपऱ्यावर ग्रामपंचायतीनं लाइटचा खांब बसवला आणि त्या वर्षी खांबाखालचा धान निसवलाच नाही. सगळ्या शेतात लोंब्या बाहेर आल्या, पिवळ्या झाल्या, आणि तिथं गोल हिरवंगार, नुसती पानंच. बाबा म्हणाले, त्याला रात्रच दिसून नाही राहिली तर तो कसा निसवेल? दुसऱ्या साली मी गुलेरीनं दगड मारून तो बल्ब फोडला. सरपंच घरी आले तेव्हा मी कोठीत लपलो आणि तू पुढे होऊन म्हणालीस, मी फोडला. बाबांनी तुला मारलं. मी कोठीच्या फटीतून पाहत होतो. याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

महिन्याभरात रोपं कमरेला लागली. बोटं पसरलेल्या हातासारखं पान झालं. वास आला तेव्हाच समजलो होतो, शिवरात्रीच्या जत्रेत साधू लोकांच्या चिलमीतून येते तोच, फक्त हिरवा, ओला. गांजा आहे भाऊ हा, म्हटलं. ते म्हणाले, तुले आत्ता समजलं का बे? आणि हसले. त्या दिवशी माझा फोन त्यांच्याकडे गेला. चार्जिंगला लावतो म्हणाले. अजून चार्जच होऊन राहिला आहे.

आता मी कुठे आहे ते सांगतो. रागावू नको. मुर्रीला, तू यंदा ठेक्यानं केलेल्या शेताच्या मागे जे बंद पडलेलं धानाचं गोदाम आहे, बाहेर कोंबडीच्या पिल्लांची पाटी आहे, त्याच्या आत. पोळ्यापासून. तू धुऱ्यावरून, बांधाच्या वाटेनं, रोज सकाळी येतेस, पहिल्यांदा मोटारपेटीकडे जातेस, मग पदर कमरेला खोचतेस, हे मी झरोक्यातून पाहतो. रविवारी मागून तुझी पोर रुची चहाची बरणी घेऊन येते. ती आता किती उंच झाली! मी तिला रायपूरहून पायातल्या चांदीच्या पट्ट्या आणतो म्हटलं होतं. तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहून मी एकदाही हाक मारली नाही. आधी लाजेनं, मग भीतीनं.

आणि तो झरोका माझीच करणी आहे. दिवसा वीज जाते म्हणून अंधाराचे सहा तास आम्ही दुपारी ठेवतो आणि लाइट रात्रभर चालवतो. आत एवढं गरम व्हायला लागलं की पानं दुमडली, तर मी झरोक्यावरचा पत्रा काढला. हवा आली, पानं सरळ झाली, भाऊंनी पाठ थोपटली. खांबाची अक्कल मी आतल्या रोपांसाठी वापरली आणि बाहेर तुझा धान उभा आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दसऱ्यानंतर पाहतो तर सगळं शेत सोन्यासारखं, आणि झरोक्यासमोर वीस-पंचवीस पावलं लांब, हिरवागार पट्टा. कोणी बोट दाखवावं तसा, सरळ आमच्या भिंतीकडे.

तू समजणारच होतीस. फागूभाऊजी युरिया जास्त पडला म्हणत होते, तू मात्र पट्ट्यात उभी राहून वर पाहिलंस. मी डोकं खाली घेतलं. मग तू गेटवर आलीस. बाई, मी दाराच्या मागेच होतो. तू म्हणालीस, काऊन जी, तुमच्या पिल्लाइले रात्री झोप नाही लागत का? माझा धान जागून राहिला तुमच्या लाइटानं! भाऊ हात जोडून म्हणाले, बंद करतो ना बाई, चूक झाली. तू म्हणालीस, बंद त करालच, पण हा पट्टा गेला माझा, सोमवारी कृषी सहायकाले आणतो, त्यालेच दाखवतो आतून किती मोठा लाइट आहे तो. मला हसू आलं. तुझा आवाज तसाच आहे. पण आत जो पाहुणा बसला होता त्यानं शेंगा फोडणं थांबवलं.

हा पाहुणा आठ दिवसांपासून आहे. त्याचं नाव कोणी घेत नाही. सारखा शेंगा खाते आणि टरफलं खिशात ठेवते, खाली एक पडू देत नाही. भाऊ पत्रा लावायला निघाले तर म्हणाला, रहने दो, अब बंद किया तो कबूल किया. मग मला विचारलं, वो औरत कौन है? ओळखतो का? मी नाही म्हटलं. कोठीतून पाहत होतो तेव्हासारखंच, बाई. मग त्यानं विचारलं, ती रोज कोणत्या वाटेनं येते. भाऊंनी सांगितलं, धुऱ्यावरून, सर्वात आधी तीच.

रानडुकरासाठी लोक धुऱ्यावर करंट सोडतात, तुला माहीतच आहे. दर साली कोणी ना कोणी त्याच्यात जाते आणि दोन दिवस गाव हळहळते. पाहुणा म्हणाला, डुक्कर बहुत है इधर. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, वायरचं काम याला येते ना? दुसऱ्या दिवशी माझ्या बिछान्याजवळ नागड्या तारेचं भेंडोळं ठेवलेलं होतं. रविवारी सांज झाल्यावर टाकायची आहे. सोमवारी साहेब येण्याआधी तू येशील.

म्हणून हे पत्र. डबा आणते त्या शामकलाच्या पिशवीत घालून देतो, तुला दे म्हटलं आहे, तिला वाटते तुझ्या हातून मी कुण्या पोरीला लिहून राहिलो. शनिवारी भाऊ मला नागपूरला नेणार आहेत, रोपं आता फुलावर आणायची तर वेगळा, लालसर लाइट लागते आणि तो निवडायला मीच पाहिजे. गोंदियाच्या स्टेशनवर पोलीस उभे राहतात. त्यांच्याजवळ जाऊन मी सगळं सांगणार आहे, माझ्या नावासकट. पण तू मला ओळखतेस. मी आजवर एक काम पुरं केलेलं नाही, आणि प्लॅटफॉर्मवर पाहुणा सोबत असला तर पाय उचलेल की नाही मला माहीत नाही. तर माझ्यावर भरवसा ठेवू नको. हे वाचल्यावर तू, भाऊजी, रुची, कोणीच त्या धुऱ्यावर पाय ठेवू नका. विळा घेऊन गेटवरही येऊ नको. शनिवारी अंधार पडल्यावर रस्त्यावरूनच झरोक्याकडे पाहा. काळा दिसला तर मी बोललो आणि पोलिसांनी येऊन लाइट बंद केले. उजेड दिसला तर समज, मी पुन्हा कोठीत लपलो. मग तू हा कागद घेऊन भाऊजींसोबत ठाण्यात जा, आणि लाइट कोणी निवडले, पत्रा कोणी काढला विचारलं तर माझं नाव सांग. या वेळी स्वतःचं सांगू नको. आणि पट्टा कापू नको, साहेबांना दाखवायला तो उभाच पाहिजे.

तुझाच, दाराच्या मागे उभा असलेला,
हेमराज