चमकणारा तोतया

३ जून

चि. भिंगरी,

अ. आ. तुझं पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं, डोक्यावरून गेलं. तेलात पाण्याचे बारीक थेंब सोडायचे, प्रत्येकात एक जिवाणू कोंडायचा, ज्याचं एंझाइम चांगलं त्याचा थेंब चमकणार, तेवढाच वेचायचा आणि त्याच्या वंशातून पुन्हा निवड! हे संशोधन की सौंदर्यस्पर्धा? पाण्यातलं कीटकनाशक तोडायला निघाला होतात ना? मग उजेड कशाला? आणि प्रबंध कधी देतेस? तुझी आई रोज मलाच विचारते, जणू तो मी लिहिते आहे.

लोभ आहे, रागासकट.

मावशी

११ जून

ती. मावशीस,

सा. न. तू नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. कीटकनाशकाचं विष तुटलं तर काहीच चमकत नाही. म्हणून त्याच्यासारखंच, पण तुटल्यावर उजळणारं रसायन आम्ही थेंबांत घालत होतो. आता आमचं अव्वल एंझाइम त्या तोतयाचा फडशा पाडतं आणि खऱ्या विषाकडे ढुंकूनही बघत नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, खऱ्या विषावरचा फसलेला प्रयोग प्रबंधात लिहूच नकोस, पदवी घे आणि सूट. लिहिला तर सगळं पहिल्यापासून, आणि मुदत संपून वसतिगृहाची खोलीही जाईल. खरंच कळत नाही गं, काय करू?

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी

१९ जून

चि. भिंगरी,

अ. आ. तुझ्या सरांना झोडपणारं पत्र लिहिलं, फाडलं. मग तुला लिहिलं, की शहाणपणा पुरे, पदवी पदरात पाडून घे. तेही फाडलं. शाळेत सिस्टरांनी खोटं बोलायचं नाही हे शिकवलं. गप्प बसणं खोट्यात मोडतं का, ते विचारायचं राहूनच गेलं.

तुझ्या एंझाइमवर मात्र मला रागावता येईना. बिचाऱ्यानं तुम्ही मागितलं तेच दिलं. आता सर तुझ्याकडून काय मागताहेत, तेवढं बघ.

माझा गोंधळ काही मिटलेला नाही. तुझ्या आईला काय सांगायचं, तेही सुचत नाही. पण विषाचा प्रयोग लिही. शिलाई मशीन गॅलरीत हलवलं आहे. खिडकीखाली तुझं टेबल बसतं, मोजून पाहिलं.

लोभ होताच, आता जागाही केली आहे.

मावशी