बटण बंद होतं

७ सप्टेंबर, वराळे
आलो एकदाचे! भाड्याचं का होईना, पण अख्खं घर. मागे घरमालक भिमाजीआबांचं भातशेत, पुढच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या. अश्लेषाने स्वयंपाकघरात पाऊल टाकताच फर्मान काढलं, की इथे काळोख आहे, ओट्यावर दिवा हवा. आबा म्हणाले, वायरिंग लय जुनं हाय, बजरंगला बोलवा. एका दिव्यासाठी वायरमन? फिजिक्सला नव्वद होते म्हटलं मला!

१४ सप्टेंबर
दिवा लागला! मेन बंद केला, वायरी सोलल्या, पीळ दिला, वर टेप. जुन्या दोन्ही वायरी एकाच मळकट रंगाच्या, फेज, म्हणजे करंटची, कुठली ते कळेना. मेन चालू करून टेस्टर लावायला हवा होता, पण आमटी गार होत होती. एक घेतली बटणात, दुसरी सरळ होल्डरला. बटण दाबलं, लागला; बंद केलं, विझला. आणखी काय हवं? अश्लेषाने कानशिलांवर बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मी तिला सांगून ठेवलं, बटण बंद असलं की खुशाल हात लाव.

२५ सप्टेंबर
अश्लेषा गेली. सहा दिवस झाले.
घट बसायचे म्हणून तिने साफसफाई काढली होती. बटण बंद केलं, बल्ब काढला आणि पितळी होल्डर ओल्या फडक्याने आतून पुसला. मी ऑफिसात होतो.
आज बजरंगने बटणाची पेटी उघडली. बटणात न्यूट्रल, फेज थेट होल्डरला. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट होता. बजरंगने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाहेर आबा डोळे पुसत सांगत होते, आमच्या जुन्या वायरिंगनं घात केला. सासूबाई माझ्याच पाठीवरून हात फिरवत होत्या. मी तोंड उघडलं नाही. थू माझ्या जिंदगानीवर.

२८ सप्टेंबर
सासूबाईंना आणि बाकी सगळ्यांना लोणावळ्याला परत पाठवून दिलं. बजरंगकडून मीटरची वायरच काढून घेतली. घरात वीज नाही.
दुपारी ओट्यावरच्या नळाला टेस्टर लावला. पेटला. तिच्या पोळीच्या डब्याला लावला. पेटला. ते फडकं — नऊ दिवस झाले, अजून ओलंच आहे.

१ ऑक्टोबर
भर दुपारी ओट्याशी उभी होती. पाठमोरी. पुसत होती. मी हाक मारली — वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

३ ऑक्टोबर
तिला सांगितलं. तार मी चुकीची जोडली. टेस्टर मी लावला नाही. आमटीसाठी, अश्लू, एका आमटीसाठी —
तिने नुसती मान हलवली. माहीत होतं तिला.
जवळ गेलो की मागे सरकते. हात पाठीमागे लपवते. बोटांच्या टोकांवर निळं काहीतरी तडतडतं — ते मला लागू नये म्हणून. अजून माझीच काळजी, वेडाबाई.

४ ऑक्टोबर
भिंतीला टेकली आहे. आता मागे जागा नाही तिला. रडते आहे. मानेने नको, नको म्हणते आहे —
बटण बंद असलं तरी हात लावू नकोस, असं म्हणायला हवं होतं त्या दिवशी —
अश्लू, हात पुढे कर. मी आलो, हे बघ, मी